भोकं पाडून घेतलेली होडी

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमचीच काळजी वाटेल. मी बाळकुम गावची एक जुनी होडी आहे आणि माझ्या पोटात मेथी पिकते. माझ्या अंगावर रंगवलेली मासळी इतकी जिवंत आहे की गावातल्या मांजरी रोज येऊन ती चाटून जातात. एकीची जीभ अजून निळी आहे.

माझा जन्म खाडीकाठचा. माझा मालक ऑस्वल्ड, त्याच्या वडिलांनी मला सागाच्या फळ्या जोडून बांधलं आणि माझ्यातच बसून ऑस्वल्ड वल्हवायला शिकला. आम्ही दोघांनी खाडीत जाळी टाकली, मिठागरांवरून मीठ वाहिलं. एकदा तर बँडसकट अख्खं वऱ्हाड पलीकडे पोचवलं. ढोल वाजला तसे मासे आपण होऊन आत उड्या मारू लागले आणि जेवणावळीचा प्रश्न सुटला. यातलं निम्मं तरी खरं आहे.

दरवर्षी ऑस्वल्ड मला किनाऱ्यावर ओढायचा, फळ्यांच्या फटींत सुताची दोरी आणि राळ ठासायचा. "पाण्याचा थेंब आत आला तर माझं नाव बदला," असं छाती ठोकून सांगायचा. कोणाला बदलावं लागलं नाही.

मग खाडीतली मासळी घटली, शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि मी रस्त्याच्या कोपऱ्यात पालथी पडले. लोक तिथे कचरा टाकू लागले. करवंट्या, फुटक्या टाइल्स, एकदा तर कमोड! कुत्री माझ्या पाठीवर बसून जांभया देत. ऑस्वल्ड तिथून जाताना तोंड फिरवायचा. मला त्याचा राग आला नाही. त्या अवस्थेत मीही माझ्याकडे बघितलं नसतं.

यंदा दसरा झाला आणि गल्लीतल्या माणसांनी कंबर कसली. सगळ्यांनी मिळून कोपरा साफ केला. कृतिका नावाच्या चित्रकार मुलीने मागच्या भिंतीवर जुनी खाडी रंगवायला घेतली. लक्ष्मीआजींचं तरुणपण मिठागरात गेलेलं, त्यामुळे त्या खुर्ची टाकून हुकूम सोडत बसल्या. "अगं, मिठाचे ढीग असे पिवळट नसतात. पांढरे कर. डोळे दिपले पायजेत!"

मला सुलटं करून विटांवर चढवलं. माझ्या पोटात माती भरून मेथी पेरायची असं ठरलं. पण समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी हरिहर यांना तिथे पार्किंग हवं होतं. ते म्हणाले, "नाताळपर्यंत बघतो. पुन्हा घाण दिसली, तर होडी फोडून ट्रकमध्ये भरणार."

हे ऑस्वल्डच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी स्वारी दोरी आणि राळ घेऊन हजर. इतकी वर्षं तोंड फिरवणारा माणूस, पण त्याने माझी एकेक फट बुजवली. "माती भरा नाहीतर दगड भरा, होडी ती होडीच," म्हणाला. मी लाजले, खरं सांगते.

आणि तिथेच घोळ झाला!

बी पडलं आणि साऱ्या गल्लीला पाणी घालायचा उत्साह आला. सकाळी लक्ष्मीआजी, दुपारी वॉचमन, संध्याकाळी बाटल्या घेऊन पोरं. मी पडले ऑस्वल्डची होडी. आयुष्यभर बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नाही, ती मी आता आतलं बाहेर कशी जाऊ देईन? मेथी कुजली. वास सुटला, डास आले. घाण बघून कोणीतरी कचऱ्याची पहिली पिशवी आणून ठेवली. हरिहर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ट्रकवाल्याला सांगतो."

लक्ष्मीआजींनी ऑस्वल्डला गाठलं.

"ऑस्वल्ड, तिच्या तळाला भोकं पाड."

"काय?"

"भोकं. पाणी खाली जाऊ दे."

"येडी झालीस का गं? होडीला भोकं? माझा बाप थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे. त्याला पण मेथीची भाजी वाढीन."

ऑस्वल्ड हसला नाही. "दुसऱ्या कोणाला सांग."

"दुसऱ्याने हात लावला तर त्याचा हात मोडशील तू. मी ओळखून हाय तुला."

तो पाठ फिरवून निघून गेला. मला वाटलं, संपलं. आता ट्रकच.

सकाळी तो आला तो बापाचं गिरमिट घेऊन. विटांच्या मधून माझ्याखाली सरकला, उताणा झोपला आणि फळीवरून हात फिरवला. "माफ कर, बाय," इतकंच म्हणाला आणि गिरमिट फिरवू लागला. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण पहिलं भोक पडताच काळंशार पाणी थेट त्याच्या तोंडावर! शिव्या घालत तो बाहेर आला आणि तसाच निथळत खो खो हसत सुटला. माझ्याजवळ बसून तो शेवटचा कधी हसला होता, मला आठवेना. मग पुन्हा खाली शिरला आणि तळाची चाळण केली.

पुन्हा बी पेरलं. या खेपेला कोंब वर आले आणि टिकले. कृतिकाने माझ्या अंगावर मासळी रंगवली आणि पुढच्या टोकाला दोन टपोरे डोळे काढले. कचरा टाकायला आलेला माणूस ते बघून पिशवीसकट माघारी फिरतो. मी फार काही करत नाही, नुसता डोळा मारते.

नाताळला ऑस्वल्डने हरिहरांच्या घरी गोड, तळलेल्या कुलकुलांचा डबा आणि मेथीची जुडी पाठवली. दुसऱ्या दिवशी हरिहर स्वतः आले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "पार्किंगचं दुसरीकडे बघू. पुढच्या वेळी पालक लावा, आमच्याकडे आवडतो."

मित्रांनो, ज्यांनी मला बांधलं त्यांची मी ऋणी आहेच. पण त्याहून जास्त ऋणी आहे ती भोकं पाडणाऱ्या त्या हातांची. तुमच्या गल्लीतही कोपऱ्यात काहीतरी जुनं पडलं असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्याच्याकडून अजून काय होईल, ते चार जणांना विचारा.

आणि मी आता पाण्याची राहिले नाही असं कोणी म्हणत असेल, तर हेही ऐका. परवा उधाणाची भरती आली, तेव्हा मी मेथीसकट सरळ खाडीत उतरले. पलीकडे कळव्याला जाऊन सगळी भाजी विकली आणि पोरं शाळेला निघायच्या आत विटांवर परत येऊन बसले. वाटेत पाण्याचा एक थेंबसुद्धा आत...

"ए, खोटं!" माझ्या काठावर बसलेली ऑस्वल्डची नात टान्या ताडकन उभी राहिली. "एकदम खोटं! मग माझ्या आजोबांनी पाडलेली भोकं कुठे गेली?"