पाहुण्याच्या नावावर

मास्तरांनी सशाला मानगुटीला धरून उचललं आणि त्याचं तोंड गादीवरच्या ओल्या डागात दाबलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इतका वेळ, की सशाचे मागचे पाय हवेत ताठ झाले. मग पाठीत एक चापट देऊन त्यांनी त्याला खाली टाकलं. ससा फरशीवर घसरत कपाटाखाली शिरला आणि तिथून त्याचा मागचा पाय आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"वास डोक्यात गेला पाहिजे," मास्तर हात पुसत म्हणाले. "मग कुत्रं असो नाहीतर वाघ, सुतासारखं सरळ होतं."

त्यांची बायको बादली घेऊन उभी होती. ती हो म्हणाली. गादीवर डागाशेजारी हरभऱ्याएवढ्या चार लेंड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचं ती टाळत होती. त्या तिनेच पहाटे सशाच्या ट्रेमधून मुठीत आणून तिथे मांडल्या होत्या. डाग सशाचा नव्हताच. तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा होता. मुलीच्या अंगावर कोरडा फ्रॉक होता, वेणी घातलेली होती, आणि ती कपाटाखाली बघत होती.

मास्तर कारखान्यांसाठी आणि गोदामांसाठी राखणीची कुत्री तयार करत. त्या धंद्यात त्यांचं नाव होतं. कसलंही माजलेलं जनावर तीन आठवड्यांत त्यांच्या एका बोटावर बसायचं आणि उठायचं. शिकाऊ माणसांना ते एकच गोष्ट सांगत, की पहिलाच फटका असा बसला पाहिजे की दुसऱ्याची गरज पडू नये. दुसरा मारावा लागला तर चूक कुत्र्याची नव्हे, मारणाऱ्याची. त्यांची वेताची छडी घरात दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे, हाताच्या घामाने मुठीपाशी काळी झालेली. घरात पाऊल टाकणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग मास्तरांकडे.

मुलगी गेल्या वर्षी अंथरूण ओलं करू लागली, तेव्हा मास्तरांनी तिलाही त्याच पद्धतीने शिकवायला घेतलं. आधी नाक, मग पट्टा, मग छडी. ती जितकी घाबरे तितकी गादी भिजे, आणि गादी भिजे तितका मास्तरांचा हात चाले. माणसाचं पोर कुत्र्यापेक्षा मठ्ठ निघावं याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. चौथ्या महिन्यात मुलीचा डावा हात मोडला.

बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. रोज दोनशे चादरी तिच्या हाताखालून जायच्या. रक्ताची, औषधाची, माणसाच्या भीतीची ओल ती नुसत्या बोटांनी ओळखायची. त्या दिवशी ती मुलीला घेऊन त्याच इस्पितळाच्या पुढच्या दाराने गेली. पोर पडली कशी, असं नर्सने विचारलं. जिन्यावरून, असं तिने सांगितलं आणि नर्सने ते लिहून घेतलं. त्यांच्या घराला जिना नव्हता.

ससा त्यानंतर आला. धुलाईखात्याच्या मुकादमीणबाईंकडे सशांची वीण झाली होती आणि त्या येईल त्याला एकेक पिल्लू देत होत्या. मुलीला सोबत होईल, असं तिने मास्तरांना सांगितलं. पोटातली गोष्ट वेगळी होती. घरात कुणीतरी असं हवं होतं, ज्याच्या नावावर सकाळची गादी टाकता येईल. ससा काही आपली बाजू मांडायला येणार नव्हता. विचार मनात आला तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी ती त्याला पिशवीत घालून घरी घेऊन आली. मुलीने त्याचं नाव पाहुणा ठेवलं.

पाहुण्याचा पाहुणचार सुरू झाला. ती रोज मास्तरांच्या आधी उठायची. मुलीचे कपडे बदलायची, चार लेंड्या मांडायची, झोपलेल्या सशाला उचलून गादीवर ठेवायची. मुलगी जागी असायची, पण डोळे मिटून पडून राहायची. दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मास्तर यायचे आणि शिकवणी चालू व्हायची. मुलीच्या पाठीवरचे वळ महिन्याभरात पिवळे पडून गेले. ते बघून आईचं मन हलकं व्हायचं, आणि लगेच कपाटाखालून तो पाय आपटायचा.

भीतीने ससा खरोखरच घरभर मुतू लागला. चौथ्या आठवड्यात मास्तरांनी त्याला भिंतीवर फेकलं. त्याचा एक कान उभा फाटला आणि रक्ताचे शिंतोडे कॅलेंडरवर उडाले.

"याच्यात काही राम नाही," मास्तर म्हणाले. "आता एकदा जरी गादी ओली दिसली, तर उचलून कुत्र्यांपुढे टाकतो. त्यांना तरी शिकायला मिळेल."

ती धमकी नव्हती. मास्तर पोकळ धमक्या देत नसत. त्याचा त्यांना अभिमान होता.

त्याच दिवशी मुलगी शाळेतून परस्पर मुकादमीणबाईंकडे गेली आणि सशाला कसं शिकवतात ते विचारून आली. बाईंनी सांगितलं ते सगळं तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं होतं. जागा त्याने निवडायची, ट्रे आपण तिथे न्यायचा. बाहेर झालं तर कागदाने टिपून तो कागद ट्रेमध्ये ठेवायचा, म्हणजे त्याला आपली जागा वासाने कळते. ट्रेच्या एका कडेला वाळलेलं गवत ठेवायचं, कारण त्याला खात खात करायची सवय असते. नीट केलं की गाजराचं एक पान द्यायचं. सुरुवातीला एकच कोपरा मोकळा सोडायचा, मग हळूहळू खोली. आणि हात उगारायचा नाही, ओरडायचं नाही. घाबरलेला ससा काहीच शिकत नाही.

ही शेवटची ओळ मुलीने दोनदा अधोरेखित केली होती. आईने ती वाचली आणि वही मिटून दप्तरात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मास्तर बाहेरगावच्या एका गोदामावर तीन आठवड्यांच्या मुक्कामाला गेले, आणि मुलगी रोज दाराआडच्या कोपऱ्यात मांडी घालून बसू लागली. प्लास्टर काढलेला हात अजून नीट वळत नव्हता, त्यामुळे कागद टिपायला तिला वेळ लागायचा. ती सशाशी काहीतरी पुटपुटत राहायची. पहिले दोन दिवस पाहुणा तिच्याकडे पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी गवत ओढायला ट्रेमध्ये चढला.

आईने त्यात खोडा घातला. आपल्याच पोरीच्या कष्टावर तिने पाणी ओतलं. ट्रे ती धुलाईखात्यातल्या जहाल पावडरीने घासून काढायची, वासाचा मागमूस राहू द्यायची नाही. ससा शहाणा झाला तर मास्तर परतल्यावर सकाळची गादी पुन्हा कुणाच्या नावावर जाणार, हे तिला दिसत होतं. ससा दोन दिवस गोंधळला, फरशीवर मुतला, आणि मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग एका संध्याकाळी ट्रे मोरीत दिसला नाही. मुलीने तो आपल्या खाटेखाली लपवला होता.

"आई, ट्रे धुवत जाऊ नकोस," ती म्हणाली. "त्याला वाटतं, आपली जागा गेली."

आईने कणकेचा हात तसाच पदराला पुसला.

एवढे सगळे दिवस गादी कोरडी होती. मास्तर घरी नव्हते, आणि ते नसले की गादी कोरडी असायची. हे आईला कळत होतं, पण कळून करायचं काय, ते कळत नव्हतं. मास्तर रविवारी परतले. सोमवारी पहाटे तिने हात फिरवला तेव्हा गादी भिजलेली होती.

मुलीचा फ्रॉक बदलून ती अंदाजाने खाटेखाली वाकली आणि ट्रेमध्ये हात घातला. ओलसर कागद, थोडं गवत. लेंडी एकही नव्हती.

"नाहीत," मुलगी म्हणाली. ती उठून बसली होती. "तू उठायच्या आधीच मी टाकून आले."

"का गं?"

"तो आता बाहेर करत नाही. अकरा दिवस झाले. त्याच्या नावावर नको टाकूस."

इतक्या आठवड्यांत दोघींमध्ये पहिल्यांदाच ही गोष्ट बोलली गेली होती, आणि बोलली होती ती पोर. बाहेर मास्तरांच्या चपला वाजल्या. सवयीने तिने वाकून सशाला उचललं आणि गादीवर ठेवलं. तिचे हात तिला न विचारताच तेवढं करून मोकळे झाले.

मास्तर आले, गादीकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता त्यांनी सशाला दोन्ही कानांना धरून उचललं. फाटलेल्या कानाची खपली सुटली. ससा किंचाळला. ससा किंचाळतो हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अगदी लहान मुलासारखा तो आवाज होता.

मुलीने ट्रे ओढून बापाच्या पायांपुढे ठेवला.

"बाबा, तो इथे करतो. सोडून बघा, आपला आपण येईल. गादी मी ओली केली. नेहमी मीच करते."

मास्तरांनी ट्रेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मग सावकाश बायकोकडे. इतके दिवस कुणाला काय शिकवत होतो याचा हिशोब त्यांच्या डोक्यात जुळला असावा. त्यांनी सशाला खाली टाकलं. मुलीची वेणी मुठीत गुंडाळली आणि तिचं तोंड डागात दाबलं. मग मोकळा हात मागे करून ते दाराजवळच्या खिळ्यावर छडी चाचपू लागले.

छडी खिळ्यावर नव्हती.

ती बायकोच्या हातात होती. आपण ती कधी काढली, हे तिला नंतरही आठवलं नाही. मूठ गुळगुळीत होती आणि हाताला ओळखीची वाटली. रोज तीच तर पुसायची. वेणी धरलेल्या मास्तरांच्या मनगटाची गाठ तिने नीट पाहून घेतली आणि दोन्ही हातांनी छडी खाली आणली. ओला कपडा दगडावर आपटताना येते तशी सगळी ताकद खांद्यातून आली. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

वेणी सुटली. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले, मनगट पोटाशी धरून. ते ओरडले नाहीत. नव्या कुत्र्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले. ती छडी तशीच धरून उभी होती, आणि गरज पडली असती तर तिने पुन्हा मारली असती. मास्तर जागचे हलले नाहीत. दुसऱ्याची गरज पडली नाही.

"ट्रे घे," ती मुलीला म्हणाली. "धुऊ नकोस. तसाच घे."

तिने सशाला धुण्याच्या पिशवीत घातलं, मुलीचं तोंड पदराने पुसलं, आणि छडी ओल्या गादीवर ठेवून दार उघडलं.

मुकादमीणबाईंनी काही विचारलं नाही. वरची खोली रिकामी आहे, एवढंच सांगून किल्ली दिली. त्या घराला मात्र खरोखरच जिना होता, अरुंद, लाकडी, पायरीगणिक करकरणारा. दुपारी कामावर गेल्यावर तिला कळलं, की सकाळी पुढच्या दाराने एक माणूस मनगट मोडून आला होता. जिन्यावरून पडलो, असं त्याने सांगितलं. नर्स तीच होती आणि तिला पत्ता आठवला. तिने ते लिहून घेतलं, आणि तुमच्या घरचा जिना एकदा दुरुस्त करून घ्या, असंही ती त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा गादी भिजलेली होती. मुलगी डोळे मिटून, अंग आक्रसून पडून होती. कोपऱ्यात पाहुणा ट्रेमध्ये बसून गवत खात होता, फाटका कान हलवत. आईचा हात सवयीने त्याच्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"उठ," ती म्हणाली. "ओलं झालंय. चादर धर त्या टोकाला."

मुलीने डोळे उघडले. आईच्या हाताकडे तिने नीट पाहिलं, दोन्ही हातांकडे. मग उठून चादरीचं टोक धरलं. दोघींनी चादर काढली, घडी घातली.

"पाहुण्याला अकरा दिवस लागले होते," मुलगी म्हणाली. "मला किती लागतील?"

"तुला बारा लागू देत," आई म्हणाली. "तेरा लागले तरी चालतील."

मग ती गादी उन्हात टाकायला घेऊन जिना उतरू लागली.