फ्रिजवरची दुसरी पुडी

मी एक पुडी बोलतेय. मसाल्याची नाही आणि मेंदीचीही नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची असते ना, तिच्या आदल्या दिवशी जी पावडर पाण्यात कालवून घशाखाली ढकलावी लागते, ती माझ्या पोटात आहे. लोकांचं पोट रिकामं करणं हा माझा धंदा. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. मेडिकलवाला मला खाकी पिशवीत घालून देतो आणि घेणारा इकडेतिकडे बघत निघून जातो. माणसं खाण्याबद्दल तासन्‌तास बोलतात, पण खाल्लेल्याचं पुढे काय होतं हे सांगायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. त्या दातखिळीपायी एक चांगलं घर कसं उसवत गेलं, ते मी फ्रिजवर बसून पाहिलंय.

माझा जन्म हिमाचलातल्या एका कारखान्यात झाला. चार क्षार, एक मेणचट पावडर आणि लिंबाचा नावापुरता वास. समुद्राच्या पाण्यात कुणी लिमलेटची गोळी टाकावी, अशी माझी चव. आमचा ट्रक पानिपतला चहासाठी थांबला, पुढे दिल्लीत शिरला, आणि मी मयूर विहारमधल्या एका मेडिकलच्या दुकानात इसबगोलाच्या डब्यांमागे येऊन बसले.

तिथून मला शालिनीताईंनी घरी नेलं. त्यांना खरं तर एकच पुडी हवी होती. दुकानदार म्हणाला, "आंटी, एक एक्स्ट्रा रख लीजिए. कई लोगों को उल्टी हो जाती है." म्हणून मी माझ्या बहिणीबरोबर निघाले. बहीण पहिली, मी दुसरी.

शालिनीताईंचे यजमान पद्माकरराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. फार सभ्य माणूस. इतका सभ्य, की कित्येक महिने शौचाच्या वेळी रक्त पडत होतं, तरी त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मूळव्याध असेल म्हणून चूर्ण घेत राहिले. पँट ढिली झाली तर पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. शेवटी एकदा शालिनीताईंच्याच नजरेला ते रक्त पडलं, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे जाणं झालं आणि तपासणीची तारीख मिळाली.

त्यांचा मुलगा साकेत गुडगावला आयटी कंपनीत. त्याचा फोन आला. "आई, फक्त लिक्विड द्यायचं हां. सॉलिड काही नाही."

"हो रे, कळलंय मला. नर्सनं सांगितलंय. रोटी, चावल, दाल, सब्ज़ी, बिल्कुल काही नाही."

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी नेमकी एकादशी आली.

तुम्ही हसाल, पण शालिनीताईंना तो देवाचाच कौल वाटला. नाहीतरी एकादशीमुळे त्यांना भात-पोळी चालणार नव्हती, आणि पद्माकररावांना तपासणीसाठी जेवायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो, दोघं मिळूनच उपास करू." पन्नास वर्षं एकादशी करणाऱ्या बाईचा उपास कसा असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी त्यांनी साबुदाणा परतायला घेतला. तुपात जिरं तडतडलं, वरून दाण्याचं भरभरून कूट पडलं. उपासाचं खाणं हे खाण्यात धरायचं असतं, असं त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांच्या आईच्या घरीही ते कुणी धरलं नव्हतं.

पद्माकररावांना बरेच दिवस अन्नावर वासना नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांनी बशी पुढे केली आणि म्हणाले, "आणखी थोडी घाल गं. झकास झालीय." शालिनीताईंचा चेहरा उजळला. त्या दोघांना असं आनंदानं खाताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि शेवटचंही.

संध्याकाळी माझी बहीण पाण्यात पडली. पद्माकरराव नाक धरून एकेक पेला रिचवत होते. "सरकारी चहा यापेक्षा बरा होता," असं म्हणाले आणि लगबगीनं आत पळाले. बहिणीनं जिवापाड मेहनत केली, पण दाण्याच्या कुटापुढे तिचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी साकेत त्यांना इस्पितळातून घरी घेऊन आला तो लालबुंद होऊन. "अर्ध्यात बंद केली टेस्ट! आत सगळीकडे शेंगदाण्याचे तुकडे चिकटलेत म्हणाले, काही दिसतच नाही. आता पुढची तारीख तीन आठवड्यांनी. बाबा, तुम्ही खाल्लं काय?"

शालिनीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं होतं. पण पद्माकररावांनी हात जरासा वर केला आणि म्हणाले, "मीच रे. खाली मूंगफलीवाला उभा होता. राहवलं नाही."

ते आदल्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते. फ्रिजवरून मला दार दिसतं.

"एक दिवस, बाबा! एक दिवस धीर निघाला नाही तुम्हाला? लहान मूल आहात का तुम्ही?" साकेत आणखीही बरंच बोलला, आणि पद्माकरराव चपला बाजूला सरकवत ऐकून घेत राहिले.

तो गेल्यावर शालिनीताई रडायला लागल्या. "मी सांगते त्याला. फोन करून आत्ता सांगते."

"काही सांगायचं नाही," पद्माकरराव म्हणाले. "माझ्यावर चिडला तरी चालेल. मी काय, आज आहे उद्या नाही. तुझ्यावर चिडला तर तू कोणाकडे जाशील?"

मला वाटतं, पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आता पुढच्या तारखेला माझी पाळी होती. मी तयार होते. पण तारीख उजाडण्याआधीच एका सकाळी त्यांचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात, आणि साकेतनं त्यांना गाडीत घालून नेलं. आतडं बंद झालं होतं. तसं झालं की मला द्यायचं नसतं, थेट टेबलावर घेतात. ऑपरेशन झालं, गाठ कॅन्सरची निघाली आणि पार यकृतापर्यंत पोचलेली. ते शौचासाठी पोटाला पिशवी लावून घरी आले, आणि दिवाळीनंतर दिल्लीची हवा धुरानं कोंदली तेव्हा गेले.

डॉक्टरांनी शालिनीताईंना समोर बसवून सांगितलं होतं, की ही गाठ वर्षानुवर्षांची आहे, तीन आठवड्यांनी काहीही फरक पडला नसता. साकेतनं घरी येऊन तेच पुन्हा सांगितलं. शालिनीताईंनी मान हलवली आणि त्या दिवसापासून एकादशी सोडली. साबुदाण्याचा डबा कामवालीला देऊन टाकला. मला मात्र फेकलं नाही. फडकं मारताना त्या मला उचलायच्या, खालची जागा पुसायच्या आणि पुन्हा तिथंच ठेवायच्या. कधी माझ्याकडे बघत नुसत्या उभ्या राहायच्या. मी साधी पावडर, मी त्यांना काय सांगणार होते?

डॉक्टर साकेतलाही म्हणाले होते, वडिलांना झालं, तुमची चाळिशी उलटली, तुमचंही आतडं बघून घ्या. त्यानं मीटिंगांच्या नावाखाली वर्षभर टाळलं. शेवटी त्याच्या बायकोनं, पूर्वीनं, तारीख घेतली. इस्पितळ आईच्या घराजवळ म्हणून तो आदल्या दिवशी एकटाच इथे राहायला आला. शालिनीताईंनी मला खाली काढलं, चष्मा लावून माझी तारीख पाहिली आणि कात्रीनं कोपरा कापला.

म्हणजे ही आजचीच गोष्ट. मी आता काचेच्या जगमध्ये आहे. अर्धी संपलेय.

साकेतनं एक पेला कसाबसा संपवला आणि तोंड वाकडं करत म्हणाला, "आई, यार, फार भूक लागलीय. एखादं बिस्किट तरी दे. एकानं काय होतं?"

शालिनीताईंनी हातातला जग टेबलावर ठेवला. "नाही देणार," त्या म्हणाल्या. "एकदा दिलं होतं. बाबांनी मूंगफली खाल्ली नव्हती, साकेत. मी खिचडी केली होती. एकादशी होती म्हणून. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

साकेत ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. "मी त्यांना काय काय बोललो, आई! आणि तू तिथं उभी होतीस. तेव्हाही बोलली नाहीस, ते गेल्यावरही नाही!" त्यानं गाडीची किल्ली उचलली, बूट घातले आणि दार उघडलं. शालिनीताईंनी त्याला हाकही मारली नाही. त्या खुर्चीचा कठडा धरून उभ्या होत्या, आणि ज्या दिवसाला त्या इतके महिने भीत होत्या तो हाच, हे मला दिसत होतं.

उभ्या आयुष्यात मला कुणाच्या उपयोगी पडायला मिळालं नव्हतं. तेव्हा पडले. साकेत लिफ्टपर्यंत गेला असेल-नसेल, पोट धरून तसाच मागे फिरला आणि बुटांसकट आत पळाला. घर सोडून जायला निघालेल्या माणसाला मी जाऊ दिलं नाही. कुणाला हसू आलं तर येऊ दे, मला मात्र रडू येत होतं.

तो बराच वेळ आत होता. नळ सोडल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाआड तो रडत होता. बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते. खुर्ची उचलून तो आईसमोर बसला.

"खिचडी खाल्ली होती त्यांनी? नीट?"

"दोनदा मागून घेतली," शालिनीताई म्हणाल्या.

त्यानं पेला पुढे केला. "भर," तो म्हणाला. त्यांनी मला ओतलं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघांपैकी कुणी ते पुसत नव्हतं.

जगच्या तळाशी मी थोडीशीच राहिलेय. उद्या साकेतच्या आत काय दिसेल, ते बघायला मी नसेन. माझ्याकडून जेवढं लख्ख करता येईल तेवढं करून जाते. जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. रक्त दिसलं तर घरात सांगा, पट्ट्याला नवी भोकं पाडू नका. मी कुणालाच आवडत नाही, ते मला ठाऊक आहे. तरी मला वेळेवर प्या.