बोनेटवरचा पोचा

मी एक जुनी पोलीसगाडी आहे, आणि जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी कुणालाही पटणार नाही. दुधाच्या टँकरला तर नाहीच. त्याला स्वतःचं वयही पटत नाही. तरी ऐका, मित्रांनो. या भंगारखान्यात तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?

मिसूरीतल्या ओक्ली फोर्ड गावात मी कोरी करकरीत आले, तेव्हा पोलीसप्रमुख वॉल्डन प्रुएट यांनी आपल्या रुमालानं माझ्या दारावरचा तारा पुसला होता. त्या काळी मी अशी पळायचे की मी पुढे निघून जायचे आणि माझा सायरन मागून गावात पोहोचायचा.

"झाली सुरुवात," शाळेची पिवळी बस म्हणाली. जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेली बाई ती. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

पुढे माझ्यावर गॅरेट स्टॅम्पर नावाचा शिपाई आला. तो सतत सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं माझ्याच पायपुसण्यावर थुंकायचा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एका दुपारी त्यानं ऑर्व्हिल टिन्स्ली आजोबांची जुनी पिकअप अडवली. आजोबा मासे धरून घरी निघाले होते आणि मागचा दिवा फुटला होता, एवढाच काय तो गुन्हा.

"हात दिसू देत," स्टॅम्पर ओरडला.

आजोबांना कमी ऐकू यायचं. "काय म्हणालास, बाळ?" असं म्हणत त्यांनी हात कानामागे नेला. तेवढ्यावरून त्यानं त्यांना खाली खेचलं आणि माझ्या बोनेटवर आदळलं. त्यांचं कोपर मोडल्याचा आवाज मी माझ्या पत्र्यातून ऐकला. हा पोचा तेव्हाचा. मित्रांनो, मी कितीतरी अपघात पाहिले होते, पण त्या दिवशी तापलेलं इंजिन आतून गार पडलं.

आता याला हाकलतील, असं मला वाटलं. आले ते वकील. स्टॅम्परनं आपण होऊन राजीनामा द्यायचा आणि कुणी चौकशी केलीच तर गावानं नोकरीच्या तारखांपलीकडे अक्षर बोलायचं नाही, असं ठरलं. वर निरोपाचा केक! त्यावर निळ्या साखरेत 'शुभेच्छा, गॅरेट'. टिन्स्ली आजोबांच्या हाताला प्लास्टर होतं, आणि हा पठ्ठ्या साखरेची फुलं बोटानं चाटत होता. मी खिडकीतून पाहत होते. मला माझ्या दिव्यांवर विश्वास बसेना.

काही दिवसांनी मला डन्स मिल नावाच्या गावाला विकलं. तिथला मिस्त्री मला पाहायला आला आणि त्यानं काय काय म्हणून विचारावं! ऑईल कधी बदललं, गिअर कधी उघडला, रस्त्याकडेला इंजिन चालू ठेवून किती उभी राहते. प्रुएटसाहेबांनी माझं एकूण एक दुखणं सांगितलं. जुनी गाडी खोटं बोलून खपवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पोच्याकडे मात्र मिस्त्रीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पळण्याशी त्याचा संबंध नाही म्हणाला.

डन्स मिलच्या पहिल्या सकाळी दार उघडलं. माझ्या सीटनं ते वजन ओळखलं. मग वास आला, सूर्यफुलाच्या बियांचा.

स्टॅम्पर! नवा गणवेश, नवा बिल्ला. तिथल्या पोलीसप्रमुख लोरीन क्वेडबाईंनी ओक्ली फोर्डला त्याच्याबद्दल विचारलं होतं. त्यांना दोन तारखा मिळाल्या होत्या, आणि तारखांमध्ये वाईट काय असणार? माझ्या ब्रेकची सगळी कुंडली कळली, आणि माझ्यावर बंदूक घेऊन बसणाऱ्याची एक ओळ नाही.

मग मी काय केलं? भोंगा वाजवला. आपला आपण. थांबेचना. क्वेडबाई वैतागून जवळ आल्या आणि त्यांना पोचा दिसला. त्यांनी प्रुएटसाहेबांना फोन लावून हा पोचा कशाचा ते विचारलं.

"गाडीचं विचारताय ना? मग सांगतो," प्रुएट म्हणाले. आणि त्यांनी आजोबांच्या कोपराची सगळी हकिगत सांगितली.

"गाडीवर कोण होतं?"

पलीकडे प्रुएटसाहेबांची खुर्ची करकरली.

"मॅडम, माणसाच्या मला फक्त तारखा सांगता येतात."

क्वेडबाईंनी फोन ठेवला आणि स्टॅम्परपुढे हात पसरला. "किल्ली दे. बिल्लाही दे." त्यानं दोन्ही दिलं आणि तो गेला. पुन्हा माझ्यात बसला नाही.

म्हणून म्हणते मित्रांनो, जुनी गाडी घेताना जेवढं विचारता, तेवढं तरी माणसाबद्दल विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर तारखांवर थांबू नका. पुढच्या गावातही कमी ऐकू येणारं कुणीतरी असतं.

टँकरला चक्क पटलं होतं. बस मात्र माझ्या बोनेटकडे पाहत होती.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्याच सकाळी त्याची किल्ली काढून घेतली ना? मग टिन्स्ली आजोबांच्या पोच्याशेजारी हा दुसरा पोचा कुणाचा गं? एवढासा, एखाद्या पोराच्या कोपराएवढा?"