दोराचं खालचं टोक

खारूला नवा दोर घ्यायचा होता आणि ताईचे आभार मानायचे होते, पण दोन्ही रखडलं होतं. वाळक्या फांद्या छाटायला तो कुठल्याही शेंड्यावर सरसर चढायचा, म्हणून लोक त्याला खारू म्हणत. खाली दोर सांभाळायला त्याची थोरली बहीण. थोरली, म्हणजे तिचंच खरं.

तिचा हट्ट एकच. दोर वरच्या फांदीवरून टाकायचा आणि त्याचं टोक खाली बुंध्याशी, दोर घट्ट धरणाऱ्या आणि हवा तसा सोडणाऱ्या तिच्या ब्रेकमध्ये अडकवायचं. "वरच बांधलास आणि वरच काही झालं, तर मी काय खालून टाळ्या वाजवू?" खारू कुरकुरत का होईना, ऐकायचा. आणि दोन महिन्यांपूर्वी शेंड्याजवळ गांधीलमाश्यांनी त्याला असं फोडून काढलं की त्याची शुद्धच हरपली. ताईनं ब्रेक सैल करत त्याला अलगद जमिनीवर उतरवलं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि शुद्धीवर आल्यावर हा पठ्ठ्या बहिणीला काय म्हणाला? "जरा हळू सोडायचंस, कोपर खरचटलं."

आता अडचण अशी, की वर जाऊन पुन्हा खाली येणारा दोर लांबीला दुप्पट, म्हणून ताणलाही दुप्पट जायचा. त्याचा जुना दोर आधीच लवचीक. हातभर ओढावं तेव्हा कुठे वीतभर वर सरकायचं. खांदा पार कामातून गेला होता.

शेवटी दोघं दुकानात गेली. खारूची अडचण ऐकून दुकानदारानं दोन दोर पुढे ठेवले. "हा कडक, ताणला जात नाही, चढायला सोपा. पण घसरलात तर सगळा धक्का कमरेला. त्यापेक्षा हा लवचीक घ्या आणि टोक वरच बांधा. एवढी लांबी हवी कशाला?"

खारूनं ताईकडे पाहिलं. आता ती दुकानदाराला धारेवर धरणार, याची त्याला खात्री होती.

"बांध वर," ती हळूच म्हणाली. "तुझ्या खांद्याचे हाल बघवत नाहीत मला."

इतक्या वर्षांचं भांडण जिंकूनही खारूनं लवचीक दोराला हात लावला नाही. टोक वर गेलं, की ताईच्या हातात काहीच उरणार नव्हतं.

"कडकच द्या," तो म्हणाला. "दोर ढिला पडूच दिला नाही, तर धक्का कुठला? टोक खालीच राहील."

"पण का?" दुकानदारानं विचारलं.

खारूनं ताईकडे बोट दाखवलं. "खाली ही असते म्हणून. ही होती, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे."

ताईनं झटकन दोराचं वेटोळं उचललं, त्यांच्याकडे पाठ केली आणि दोर हातभर-हातभर तपासायला घेतला. खारूनं तिला घाई केली नाही.