दुसऱ्या डोसची तारीख

बालवाडीच्या काचेच्या दारावरच्या कागदाला आज चारही बाजूंनी चिकटपट्टी होती. एरवी असे कागद वरच्या एकाच तुकड्यावर लोंबत असत. कुणाचा तरी निळा मोजा सापडलाय, शुक्रवारी सहलीला रबरी बूट घालून या, गटात उवा आढळल्या आहेत. उवांच्या कागदालासुद्धा एकच पट्टी होती, हे अहिल्याला नीट आठवत होतं. हा कागद मात्र मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ओळंब्याने मापल्यासारखा सरळ, कडा न् कडा दाबून बसवलेला होता.

मजकूर चार ओळींचा. गटातल्या एका मुलाला गोवर झाल्याचं तपासणीत निश्चित झालं आहे. पालकांनी मुलांच्या लसीकरणाची वही पाहावी. दोन डोस पूर्ण नसलेल्या मुलांना आज आत घेता येणार नाही. अधिक माहितीसाठी गेझुंडहाइट्सआम्टला, म्हणजे आरोग्य खात्याला फोन करावा.

"काय गं, सुट्टी दिली की काय?" मागून सासूबाईंनी विचारलं. सुलेखाबाई दोन महिन्यांसाठी सांगलीहून हायडेलबर्गला आल्या होत्या आणि नातीला सकाळी पोचवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. अहिल्या नुसती सोबतीला. चार वर्षांची ईप्सिता आजीचं बोट धरून एका पायावर उड्या मारत होती.

"गोवर आलाय एका मुलाला."

"एवढंच ना! मला वाटलं, छतबित पडलं."

दार उघडून फ्राउ सायडेल बाहेर आल्या. बालवाडी चालवणाऱ्या या बाईंच्या हातात आज मुलांची यादी होती. नावांपुढे हिरव्या खुणा होत्या, दोन ठिकाणी लाल. "तुम्हाला काळजी नाही," त्या अहिल्याला म्हणाल्या. "ईप्सिताचे दोन्ही आहेत. चल गं, आत ये."

"ते मूल गटात कधी होतं?" अहिल्याने विचारलं.

"फक्त सोमवारी. सुट्टीवरून परत आलं ते अकराला. तीनला तापाने फणफणत घरी गेलं, मग आलंच नाही."

आज गुरुवार होता. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. संपर्क आल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस टोचली तर गोवर अडवता येतो, हे अहिल्याला कुणी सांगायला नको होतं. प्रथिनांवर काम करणाऱ्या संस्थेत तिची नऊ वर्षं गेली होती. सोमवार अकरा ते गुरुवार अकरा. दोन तास पन्नास मिनिटं उरली होती.

"आज नेते मी तिला परत," ती म्हणाली. "जरा नाक गळतंय."

फ्राउ सायडेल यांनी ईप्सिताच्या कोरड्या ठणठणीत नाकाकडे पाहिलं आणि यादीत काहीतरी लिहिलं.

*

ईप्सिताचा दुसरा डोस झालेलाच नव्हता.

पहिला तिच्या अकराव्या महिन्यात झाला, इथेच, डॉक्टर ब्रांडनर यांच्याकडे. नवव्या दिवशी ताप चढला आणि दुपारी दोनच्या सुमाराला, अहिल्याच्या मांडीवर, पोरीचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. सव्वा मिनिट. अहिल्याने ते मोजलं होतं, कारण मोजण्यावाचून दुसरं काहीच तिला सुचलं नव्हतं. तापातली आकडी, डॉक्टर म्हणाल्या. दिसायला भयंकर, पण मागे काही ठेवून जात नाही. दुसऱ्या डोसला तर क्वचितच येते. अहिल्याने मूळ शोधनिबंध काढून वाचले. सगळं खरं होतं. आकडे पटले, आणि त्या सव्वा मिनिटावर त्यांचा काही परिणाम झाला नाही.

पाच महिन्यांनी ते सांगलीला गेले. सासूबाईंचे धाकटे भाऊ श्यामकांतमामा तिथले जुने बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यात लस काढून ठेवलेली होती. "द्यायची ना?" त्यांनी विचारलं. "आज नको मामा, सर्दी वाटतेय तिला," अहिल्या म्हणाली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, समजूतदारपणे हसले आणि पेन उघडलं. "मी तारीख घालून ठेवतो. तिकडे गेलीस की आठवड्याभरात उरकून टाक. तुमच्या त्या देशात कागदावाचून पान हलत नाही." तारीख, सही, शिक्का. घरच्या माणसाने घरच्या सुनेवर केलेली माया.

तो आठवडा आलाच नाही. आधी खरंच सर्दी होती, मग प्रयोग होता, मग नवऱ्याची, श्रीनाथची, नोकरी बदलली. बालवाडीत जागा मिळाली तेव्हा डॉक्टर ब्रांडनर यांनीच सांगलीची नोंद विश्वासाने लसीकरणाच्या पिवळ्या वहीत उतरवून घेतली. अहिल्या समोर बसून होती. तिच्या प्रयोगशाळेत न केलेल्या प्रयोगाची तारीख वहीत घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर राहिला नसता. पण एका डोसने शंभरातल्या त्र्याण्णव मुलांना संरक्षण मिळतं, आणि बाकीच्यांनी आपापल्या पोरांना टोचून घेतलेलं आहे. त्या बाकीच्यांच्या आडोशाला आपली पोर उभी करून ती अडीच वर्षं गप्प राहिली होती. श्रीनाथलाही ठाऊक नव्हतं.

*

डॉक्टर ब्रांडनर यांच्या दवाखान्यात फोन लागला तो आठव्या प्रयत्नाला. शहरातले सगळेच आईबाप आज फोन करत असावेत. सव्वादहाची वेळ मिळाली, तीही "फक्त सल्ल्यासाठी."

घरी येऊन अहिल्याने न्हाणीघराचं दार लावलं आणि सांगलीला फोन केला. तिकडे दुपारचे बारा वाजून गेले होते.

"बोल गं," श्यामकांतमामांच्या मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडचं रडणं लांब गेलं. मामा आतल्या खोलीत गेले असावेत.

"अजून दिला नाहीस?" ते हळू आवाजात म्हणाले. "अगं, मी तुला आठवडा म्हटलं होतं."

"हो."

"बरं, आता ऐक. उकरून काढू नकोस काही. त्यांना सांग, मनाच्या समाधानासाठी आणखी एक द्या. जादा डोसने बिघडत नाही. देतील."

"आणि नाही दिला तर?"

"का नाही देणार? हे बघ अहिल्या, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. या वयात कुणी माझ्या सहीकडे बोट दाखवावं, असं काही करू नकोस. ताईला तर कळूच देऊ नकोस. तिचा जीव आहे माझ्या या दवाखान्यात."

फोन ठेवताच श्रीनाथचा आला. तो म्युनिकच्या गाडीत होता. "ई-मेल पाहिली मी बालवाडीची. आपले दोन्ही झालेत ना? मग प्रश्नच नाही. तू का घरी?"

"सहज दाखवून आणते."

"सायंटिस्ट बाई, कागद पूर्ण असलेल्यांनी रांग कशाला वाढवायची?" तो हसत होता. "कालच ऑफिसात एकाला ऐकवलं मी, आम्ही भारतातनं टोचून आणली, तुम्हीच लेको मागे."

"श्रीनाथ."

"काय?"

"काही नाही. पोचलास की कळव."

बाहेर ईप्सिता आजीला जर्मनमध्ये काहीतरी बजावत होती आणि आजी तिला मराठीत दटावत होती. दोघींचं चोख जमत होतं. नऊ वीस झाले होते.

*

ट्रॅममध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या. "मी म्हणते, एवढं काय त्या गोवराचं? आमच्या लहानपणी घरटी यायचा. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायचे, अंगावरनं पाला फिरवायचे, की आठ दिवसांत पोरं परत विटीदांडूला."

"सगळी परत जायची का, आई?"

प्रश्न विचारायचा तिचा हेतू नव्हता. सासूबाईंनी पदराचं टोक सारखं केलं. ट्रॅम पुलावर चढली होती, खाली नेकार नदी संथ वाहत होती.

"कमलचे कान गेले ना त्यात," त्या म्हणाल्या. "आमची मधली. पाच वर्षांची होती, गाणी म्हणायची सारखी. गोवर उतरला, मग कान वाहायला लागले, आणि मग हाक मारली तर वळेचना. आई ताट वाजवून बघायची मागनं. म्हणून तर श्याम मुलांचा डॉक्टर झाला. तो मला म्हणतो, ताई, माझ्या हातनं एक पोर त्या दुखण्याला जाऊ देणार नाही. आणि नाहीच जाऊ दिलं त्याने. ही बघ, आपली सोनी. सांगलीलाच टोचली, नाही का?"

अहिल्याने मान हलवली. ती हो होती की नुसती हलली होती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"आई, मीऽर इस्ट वार्म," मला गरम होतंय, असं ईप्सिता म्हणाली.

अहिल्याचा हात आपोआप तिच्या कपाळावर गेला. तिसऱ्या दिवशी ताप येत नाही, यायला दहा दिवस लागतात, हे पक्कं ठाऊक असलेला हात. कपाळ थंड होतं. पोरीला स्वेटर उकडत होता.

*

सव्वादहाची वेळ होती, पण मागच्या दाराने, आवारातून, एकेका मुलाला आत घेत होते. पुढे तीन कुटुंबं होती. एक तरुण बाप चार महिन्यांचं बाळ छातीशी बांधून उभा होता, मोठा मुलगा ईप्सिताच्याच गटातला. "मोठ्याचे दोन्ही झालेत," तो अहिल्याला म्हणाला, कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून. "पण हिला अजून देता येत नाही ना. आता सगळं इतर मुलांवर." अहिल्याने बाळाच्या टोपीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

दहा अडतीसला त्यांना आत बोलावलं.

डॉक्टर ब्रांडनर यांचे केस एका बाजूने निसटले होते. त्यांनी ईप्सिताचा घसा पाहिला, कान पाहिले, कानामागची त्वचा पाहिली, मग वही उघडली आणि बोट ओळीवरून फिरवलं. "एक, दोन. गेनाऊ, बरोबर. सगळं पूर्ण आहे, फ्राउ देशमुख. का आलात?"

"मला वाटलं," अहिल्याने जर्मनमध्ये सुरुवात केली, "खात्रीसाठी आणखी एक देता येईल का. जादा."

"तिसरा? नाही." डॉक्टरांनी संगणकाकडे वळून पाहिलं. "दोन म्हणजे पूर्ण. आज माझ्याकडे फ्रिजमध्ये सहा डोस आहेत आणि बाहेर ज्यांना एकही नाही अशी मुलं आहेत. शिवाय हिला पहिल्या डोसनंतर आकडी आली होती, मला आठवतंय. कारण नसताना मी हिला का टोचू?"

"रक्त तपासून प्रतिपिंडं बघता येतील?"

"येतील. अहवाल सोमवारी." त्या हसल्या, थकलेल्या पण मायेने. "तुम्ही शास्त्रज्ञ लोक फार विचार करता. त्या आकडीने तुम्ही घाबरला होतात, माहीत आहे मला. आता ते मागे पडलं. घरी जा, आइस्क्रीम खा."

त्यांनी वही मिटली आणि अहिल्याच्या दिशेने सरकवली. टेबलावरच्या घड्याळात दहा त्रेचाळीस झाले होते. दाराशी सिस्टर पुढच्या मुलाचं नाव वाचत होती.

वाट मोकळी होती. त्र्याण्णव टक्के तिच्या बाजूने होते. वही उचलायची, आभार मानायचे, निघायचं. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी कानामागे बघायचं. सात टक्के म्हणजे चौदा मुलांतलं एक. ईप्सिताच्या गटात एकवीस मुलं होती. आणि समजा टोचलं, आणि पुन्हा नवव्या दिवशी, पुन्हा मांडीवर. तिच्या तळव्यांना ते ताठ झालेलं छोटं अंग आत्ताही जाणवलं. अडीच वर्षं ती हेच करत आली होती. एका भीतीसमोर दुसरी ठेवायची, आणि दोन्ही तोलून होईपर्यंत दिवस निघून जायचा.

"काय म्हणतात बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतात, सगळं झालेलं आहे, घरी जा."

"मग! मी काय सांगत होते? श्यामने केलेलं काम आहे ते." त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली, ईप्सिताला खुर्चीवरून उतरवू लागल्या. "चल गं सोने. तुझ्या आईला उगीच धावपळ."

ईप्सिता उतरली. अहिल्या बसूनच राहिली. वही तिच्यासमोर तशीच पडून होती.

"आई, जरा बसा."

"का गं?"

"बसा तुम्ही. तुम्हाला आधी सांगते, मग त्यांना." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्थिर निघाला. "श्यामकांतमामांनी तेव्हा लस दिली नव्हती. ते देत होते, मीच देऊ दिली नाही. त्यांनी माझ्यासाठी नुसती तारीख घातली."

सासूबाई उभ्याच राहिल्या. एक हात ईप्सिताच्या डोक्यावर, दुसरा पर्सच्या पट्ट्यावर.

अहिल्या डॉक्टरांकडे वळली आणि जर्मनमध्ये, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "दुसरी नोंद खोटी आहे. हिला एकच डोस मिळालाय. सोमवारी अकराला संपर्क आला, म्हणजे सतरा मिनिटं आहेत. जे कळवायचं ते तुम्ही ज्यांना कळवायचं त्यांना कळवा, पण आधी हिला टोचा. आत्ता."