चाळणीत अडकलेले बेट

मार्च संपत आला की या बंदरावर सकाळ उजाडते ती जणू नाइलाजाने. आधी समोरच्या टेकडीचा माथा राखाडी होतो. मग तो राखाडीपणा उतारावरच्या घरांच्या छपरांवरून सावकाश खाली ओघळतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांपाशी येऊन थबकतो. पुढे जावे की नाही, हे त्याचे ठरत नाही. फेरीबोटीच्या कचेरीची पूर्वेकडची खिडकी हिवाळाभर उडालेल्या खाऱ्या तुषारांनी आंधळी झाली होती. तिच्यातून आलेला उजेड टेबलापर्यंत पोचता पोचता ताकासारखा पातळ होई. त्या उजेडात दोन्ही हात ठेवून हेडली डर्नफर्ड बसला होता. दिवा लावायला हवा होता. पण दिवा लावला की काम सुरू होते, आणि आजचे काम त्याला नको होते.

कचेरीचे सगळे मेल सांभाळणे ही त्याची नोकरी. कचेरीच्या प्रमुख ब्लँच कीपिंग यांनी कालच त्याला बोलावून सांगितले होते की, पिंचर बेटावरून बुधवारच्या बोटीसाठी महिनाभरात एकही मागणी आलेली नाही. बुधवार हा इकडच्या दवाखान्याचा दिवस. पण ती बोट कुणी आदल्या दिवशी मेल केला तरच सुटे. राजधानीतल्या वरिष्ठांनी मुदत घातली होती : आज दुपारपर्यंत मागणी दाखवा, नाहीतर ती फेरी कायमची बंद. आधी बुधवारची बोट जाते, मग दुकान, मग शाळा, आणि शेवटी उरलेल्या चार घरांना, बेट सोडता का, असे विचारायला सरकारचा माणूस येतो. हे या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

डबाबंद दुधाचा चहा घेऊन सेल्बी फज आत आला. तो बोटीवरचा खलाशी; काल नेहमीच्या फेरीने बेटावर जाऊन आला होता. त्याने पेला हेडलीसमोर ठेवला आणि स्वतःच दिवा लावला.

"मेल्विना आत्यानं काल धक्क्यावर माझी बिनपाण्यानं केली," तो म्हणाला. "सगळ्या गावादेखत. म्हणे, आम्ही इथं लिहून लिहून बोटं झिजवतोय आणि तुम्ही तिकडं घोरताय. क्लेम काकांची डोळ्यांची तारीख दोनदा हुकली. मी म्हटलं, आत्या, आमच्याकडं काही येतच नाही. तर म्हणाली, मग मी काय माशांना लिहिते होय रे?"

हेडलीने विचारले, इतके दिवस कुणी बोलले कसे नाही.

"त्यांना वाटलं, तुम्ही मुद्दाम नाकारताय. रुसून बसले सगळे. बेटावरची माणसं, तुला ठाऊक आहेतच. तू तिथलाच." सेल्बी दाराशी थांबला. "तुझी ती चाळणी तपास, बाबा. सुक्याबरोबर ओलंही जळत असेल."

चाळणी म्हणजे नियमांची उतरंड. बक्षिसाचे आमिष दाखवणारे मेल अडवणारा एक, खोट्या बिलांचा एक, 'तातडीचे' या शब्दावर डोळा ठेवणारा एक. असे कितीतरी वर्षानुवर्षे एकावर एक साचलेले. आलेला मेल वरून खाली येई. जो नियम पहिल्यांदा लागू पडे तो त्याला उचलून बाजूला टाकी, आणि खालच्यांना त्याचा पत्ताही लागत नसे.

हेडलीने एकेक नियम बंद करायला घेतला. दर वेळी आपल्या घरच्या मेलवरून कचेरीला लिहायचे : 'बुधवारी बोट हवी आहे.' दर वेळी तो मेल बिनबोभाट येऊन पडे. नियम पुन्हा चालू करायचा, पुढचा बंद करायचा. खरे तर सगळे नियम चालू असतानाही तो मेल येतच होता. दोष शब्दांत नव्हता, पाठवणाऱ्यात होता, हे पहिल्याच खेपेला उघड झाले होते. तरी हेडली निरपराध नियमांची झडती घेत राहिला. पाठवणाऱ्याकडे पाहणारा नियम एकच होता. तो सगळ्यांत वर होता आणि त्याला नाव दिलेले नव्हते.

बेटावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणाचाच स्वतःचा मेलचा पत्ता नव्हता. सभागृहात एक संगणक होता आणि त्याच्यापुढे मेल्विना आत्या. ज्याला जे कळवायचे ते त्याने बाकावर बसून तिला सांगावे, तिने दोन बोटांनी ते टिपावे, असा तिथला रिवाज. पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमी तोच. खाली नाव तेवढे ज्याचे त्याचे. एका पत्त्याला दार लावले की सारे बेट बाहेर राहणार, हे त्या बेटावर वाढलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस हेडलीची आई गेली. वादळ होते, बोटी मात्र बंद नव्हत्या. तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पत्त्यावरून मेल आला : 'माती झाली. आता यायची गरज नाही. रूबेन डर्नफर्ड.' बापाने मुलाला लिहिताना खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले होते. त्या संध्याकाळी हेडलीने नियम लावला : या पत्त्यावरून येईल ते परस्पर एका कप्प्यात जावे, डोळ्यांसमोर येऊ नये. लावायचा होता स्वतःपुरता. लागला साऱ्या कचेरीला. आणि तेव्हापासून त्याने मनाशी एक चित्र जपले होते. वडील बाकावर येऊन बसतात, घसा खाकरतात, रागाने काहीबाही सांगतात. आणि इकडे आपण वाचत नाही. भांडण होते, पण ते चालू होते. त्या चित्राची त्याला ऊब होती.

ब्लँचबाई आत आल्या. दुपार फार लांब राहिली नव्हती.

"सापडलं का रे?"

"नियम माझा आहे," हेडली म्हणाला. "मीच लावलाय." आणि खाली मान घालून त्याने बाकीचे थोडक्यात सांगितले.

ब्लँचबाईंनी दार लोटून घेतले. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. "त्याचं आपण नंतर बघू. आधी सगळे बाहेर काढ. तुझ्या वडिलांचे असतील ते तू बाजूला ठेव. मी वाचणार नाही."

त्याने कप्पा उघडला. क्लेम काकांचे डोळे. कुणाच्या पंपाचा पट्टा. नातीच्या बारशाला निघालेली एक आजी, तिच्यासाठी दोन जागा, कारण एकीवर केक बसणार होता. पुन्हा क्लेम काका. मग मेल्विना आत्याचे स्वतःचे, चढत्या आवाजातले. शेवटच्यात एवढेच, 'तुमच्यापैकी कुणी जिवंत आहे का, तेवढं तरी कळवा.' ब्लँचबाई फोनवर राजधानीला एकेक नाव वाचून दाखवत होत्या, आणि पलीकडचा माणूस मध्ये बोलू लागला की मागचे नाव पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या. अखेर त्यांनी फोन ठेवला. बुधवारची बोट राहिली होती; निदान या मोसमापुरती. बाहेर जाऊन त्यांनी सेल्बीला सांगितले. आधी क्लेम काकांना निरोप दे, म्हणाल्या. त्याने मारलेली शीळ खिडकीतून आत आली.

हेडलीने कप्पा पुन्हा वरून खाली पाहिला. मग खालून वर. प्रत्येक मेलचा शेवट, जिथे नाव असते तेवढाच. मग वडिलांचे नाव टाकून शोधले. उजेड एव्हाना टेबलावरून सरकून भिंतीवर चढला होता.

"काढलेस का बाजूला?" ब्लँचबाईंनी दारातून विचारले. "किती आहेत?"

त्याने नियम पुसून टाकला. रूबेन डर्नफर्ड यांनी आपल्या मुलाला त्यानंतर काहीही लिहिले नव्हते.