खाली मान

टाचा टेकल्या, कुल्ले टेकले, खांदे टेकले. डोकं टेकेना. द्वारकानं हनुवटी आत ओढून जोर लावला, तरी डोकं आणि भिंतीत दोन बोटांची फट राहिलीच.

"अगं, टँकर आला!" गोजरबाई, तिची सासू, दारातून ओरडली. "बाया हंडे घेऊन पळायल्यात, अन् तू भिताडाला चिकटून काय उभी?"

"दहा मोजू द्या आत्याबाई. सात झाले."

"हंडे उचलून कुणाची कंबर धरत नाय? आमची नाय धरली? आमी टेकलो व्हतो कधी भिताडाला?"

द्वारकानं दहा मोजले आणि हंडे उचलले.

पडेगावच्या या कॉलनीत दहा वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची. आता प्लॉट पडले होते, घरं आली होती, नळ तेवढे आले नव्हते. त्या वर्षी दुष्काळ होता, टँकर चौथ्या दिवशी यायचा. रांगेतली प्रत्येक बाई कमरेवर हात ठेवून उभी असायची, त्यामुळं द्वारकाचं दुखणं सात वर्षं कुणाला वेगळं वाटलंच नाही. आधी बाळंतपणाची कंबर म्हणाले, मग पाण्याची. वाळूजच्या कंपनीत ती गोळ्यांच्या पॅकिंगला उभी राहायची, म्हणून मग उभं राहण्याची. पण बाकीच्यांची कंबर काम करून दुखायची आणि झोपून बरी व्हायची. द्वारकाचं उलटं होतं. पहाटे तिला कूस बदलता यायची नाही. उठून तासभर हिंडलं, की पाठ हळूहळू सुटायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हे ऐकलं, तेव्हा लिहिता लिहिता हात थांबवला. फोटो झाले, रक्त झालं. मणक्यांच्या सांध्यांना सूज आहे, म्हणाले. मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात. व्यायाम शिकवणाऱ्या मनस्विनी मॅडमनी चित्रांचा कागद दिला.

"गोळ्या घ्यायच्याच, पण हे रोज घरी करायचं. आयुष्यभर. मणके जुळले की परत सुटत नाहीत, म्हणून आत्ताच पाठ सरळ ठेवायची. घरात आणखी कुणाची पाठ अशी आहे का? वडील, काका?"

"नाय," द्वारका म्हणाली.

रिक्षातून दौलताबाद रोडला उतरताना तिला तात्या, तिचे वडील, आठवले. गावात त्यांना वाकडा रामकिसनच म्हणायचे. जिनिंगमध्ये कापसाची पोती वाहून वाकला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती रस्त्याच्या कडेला थोडी थांबली. काहीच वाटलं नाही. समोर कांद्याचा गाडा होता. तिनं दोन किलो कांदे घेतले आणि घरी आली.

तात्यांनी आणलेलं पहिलं स्थळ तिनं नाकारलं होतं. दुसरं झालं. पण पाठवणीच्या वेळी तात्यांनी मान वर केली नाही. आई रडली, चुलत्या रडल्या. तात्या तिच्या पायांकडं बघत उभे राहिले. राग गेला नाही, एवढं तिनं त्यावरून धरलं. पुढं दिवाळीला दोन दिवस माहेर, पिकापाण्याच्या चार गोष्टी आणि परत. आई गेल्यावर तेही कमी झालं. अशी एकोणीस वर्षं गेली.

सुट्टीच्या दिवशी तिनं माहेरची, फर्दापूरची बस धरली. बसून पाठ आखडते म्हणून अजिंठ्याच्या घाटापर्यंत दांडीला धरून उभीच राहिली.

तात्या ओट्यावर काठी धरून बसले होते. हनुवटी छातीला लागलेली.

"द्वारका व्हय?" त्यांनी विचारलं.

"कसं वळखलं?"

"चालण्यावरनं. डावा पाय घासायलीस." मग म्हणाले, "सकाळच्याला कंबर धरती का?"

"धरती. मणक्यांना सूज हाय म्हणले डॉक्टर."

"तुझ्या वयात मला बी तसंच व्हतं."

द्वारका पायरीवर बसली. "कधी बोलला नाय तात्या."

"काय बोलायचं? जिनिंगात समद्यांचीच पाठ जाती."

"माझ्या लग्नात..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवा मान वर केली नाय तुमी."

"व्हत नव्हती."

"मला वाटलं, राग हाय."

"कशाचा राग? लोक म्हणले, पोरीच्या मायेनं बापाची मान खाली गेली. म्हणलं, म्हणू द्या. दुखतंय म्हणून सांगण्यापरीस ते बरं दिसत व्हतं."

एकोणीस वर्षं मनात जिथं गाठ होती, तिथं हात लावला तर काहीच हाताला लागेना. पलीकडं कुणीतरी कोरड्या आडात बादली सोडून बघत होतं.

"मंग हे माझ्याकडनं आलं तुला," तात्या म्हणाले.

"रक्तात असतं म्हणले डॉक्टर."

"अन् तुझी पोर, श्रेया?"

"समद्यांना व्हत नाय. पोरीची पाठ दुखली की लगेच दाखवा म्हणले. तुमी बी चला तात्या. पाठ सुटायची नाय, पण दम भरायचा व्यायाम हाय. छाती मोकळी राहती."

तात्या काठी रोवून उठले.

"तुला काय करायला लावलंय ते दाव आधी."

द्वारकानं अंगणात वाकळ अंथरली. उताणी झोपली, गुडघे मोडले, तळवे जमिनीला टेकवले आणि कंबर हळूहळू वर उचलली. शेजारची बाई कुडावरून बघत होती, बघू दे.

"असं धरून ठिवायचं. दहा मोजायचे."

तात्या काठीवर भार देत जवळ आले आणि तिच्या डोक्याशी उभे राहिले. वाकलेल्या पाठीमुळं त्यांचं तोंड सरळ तिच्या तोंडावर आलं. डोळे ओलसर होते, पण ते त्यांचे आता नेहमीच असायचे.

"केसं पांढरी झाली की गं तुझी," ते म्हणाले.

"झाली."

"भुवया तुझ्या आईवाणी हायेत."

द्वारकानं कंबर खाली टेकवली. ऊन अंगणभर चढलं होतं आणि वाकळेखालची माती तापायला लागली होती. तिच्या तोंडावर तात्यांची सावली होती. ते तिथून हलले नाहीत, म्हणून तीही उठली नाही.